जोड कार्ब्युरेटर

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाला हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पुरविण्यासाठी एकाऐवजी दोन, तीन किंवा अधिक कार्ब्युरेटर बसविण्याच्या योजनेस ही संज्ञा लावतात. विसाव्या शतकात, विशेषतः १९२५ ते १९७५ या काळात, वेगवान व क्रीडाप्रकारच्या मोटारगाड्यांत ही योजना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यामुळे एंजिनाची शक्ती वाढते. मात्र सर्व कार्ब्युरेटर परस्परांशी नेमके जुळलेले असतील तरच हा लाभ मिळतो. जुळणी बिघडली, तर असे एंजिन एका कार्ब्युरेटरच्या साध्या एंजिनापेक्षाही वाईट चालते. जुळणीचे काम कारखान्यात एकदा करून संपत नाही; ते वेळोवेळी हाताने व कानाने करावे लागते. त्यामुळे या योजनेचा इतिहास सांगताना यंत्ररचनेबरोबरच ती जुळविणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याचाही विचार करावा लागतो.

कार्य व गरज : कार्ब्युरेटरचे मुख्य काम पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळण्याचे असते. एक किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. सर्वाधिक शक्ती मिळविण्यासाठी हे प्रमाण १२·५ ते १३ पर्यंत खाली आणतात, तर काटकसरीने गाडी चालविताना ते १५ ते १६ पर्यंत नेता येते. पेट्रोलचा अंश अधिक असलेल्या मिश्रणास समृद्ध आणि कमी असलेल्यास क्षीण मिश्रण म्हणतात. कार्ब्युरेटरच्या नळीचा मधला भाग चिंचोळा केलेला असतो. तेथे हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. या कमी दाबामुळे बारीक छिद्राच्या तोटीतून (जेटमधून) पेट्रोल ओढले जाऊन हवेच्या झोतात विखुरते. डानिएल बेर्नुली (१७००–८२) यांनी मांडलेल्या तत्त्वावर आणि जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) यांनी अभ्यासलेल्या नळीवर ही क्रिया आधारलेली आहे.

चार सिलिंडरांच्या एंजिनाच्या मध्यावर एकच कार्ब्युरेटर असला, की मधल्या दोन सिलिंडरांकडे जाणारा मार्ग आखूड आणि कडेच्या दोन सिलिंडरांकडे जाणारा मार्ग लांब होतो. हवा वळणातून सहज वळते; पेट्रोलचे थेंब जड असल्याने नळीच्या भिंतीवर आपटून तेथेच ओघळतात. परिणामी एका सिलिंडरला समृद्ध, तर दुसऱ्याला क्षीण मिश्रण मिळते. शिवाय एका सिलिंडरचे चूषण संपण्यापूर्वीच दुसऱ्याचे सुरू होत असल्याने ते एकमेकांचा वाटा ओढून घेतात. दुसरी अडचण चिंचोळ्या भागाच्या मापाची आहे. तो अरुंद ठेवला, तर मंद गतीला पेट्रोलचे तुषार चांगले होतात, पण वेगाने चालताना एंजिनाचा श्वास कोंडतो. तो रुंद केला, तर उच्च गतीला शक्ती मिळते, पण मंद गतीला एंजिन अडखळते. प्रत्येक सिलिंडरला किंवा सिलिंडरांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र कार्ब्युरेटर दिल्यास मार्ग आखूड व सरळ होतो, वाटणी समान होते आणि हवेच्या मार्गाचे एकूण क्षेत्रफळ वाढते. जोड कार्ब्युरेटर वापरण्यामागील मूळ कारण हेच आहे.

प्रारंभिक इतिहास : कार्ल बेन्ट्‌स यांच्या १८८६ मधील तीनचाकी गाडीत पृष्ठभागी कार्ब्युरेटर होता. त्यात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि बाष्परूप झालेला अंश तिच्याबरोबर एंजिनात जाई. हलका अंश आधी उडून जाऊन जड अंश खाली साठत असल्याने मिश्रण एकसारखे राहत नसे. जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी १८९३ मध्ये तुषार-कार्ब्युरेटर पुढे आणला. त्यात पेट्रोलची पातळी तरंगत्या गोळ्याने (फ्लोटने) कायम राखली जाई व तोटीतून पेट्रोल फवारले जाई. आधुनिक कार्ब्युरेटरची ही सुरुवात होय. मात्र या रचनेत गती वाढताच मिश्रण प्रमाणाबाहेर समृद्ध होई. त्यावर उपाय म्हणून पानार-लव्हासॉर कंपनीतील आर्त्युर क्रेब्स यांनी १९०२ मध्ये जादा हवा आपोआप आत घेणारी झडप योजिली. फ्रान्स्वा बाव्हरे यांनी १९०६ च्या सुमारास एका तोटीला पूरक अशी दुसरी तोटी जोडून हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडविला. त्यांची रचना ‘झेनिथ’ या नावाने प्रसिद्ध झाली. ‘सोलेक्स’ हे दुसरे फ्रेंच नावही याच सुमारास पुढे आले.

दोन परंपरा : बहुविध कार्ब्युरेटरांच्या इतिहासात दोन भिन्न विचारसरणी दिसतात. पहिली इंग्लंडमधील. पादत्राणांचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०४–०५ मध्ये असा कार्ब्युरेटर तयार केला, की ज्यातील चिंचोळ्या भागाचे माप एंजिनाच्या मागणीनुसार आपोआप बदलते. त्यात एक दट्ट्या हवेच्या ओढीने वर उचलला जातो. त्याला खाली जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवेबरोबर पेट्रोलचा मार्गही त्याच प्रमाणात खुला होतो. जेटपाशी दाब जवळजवळ कायम राहतो, म्हणून याला स्थिर अवदाबाचा कार्ब्युरेटर म्हणतात. प्रारंभी दट्ट्याऐवजी चामड्याचा भाता वापरला जाई, ही गोष्ट त्या घराण्याच्या व्यवसायाशी जुळणारी होती. स्किनर बंधूंनी १९१० मध्ये स्थापिलेली कंपनी ‘एस. यू.’ (स्किनर-युनियन) या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. ती विल्यम मॉरिस यांनी १९२६ मध्ये विकत घेतली आणि त्यामुळे ब्रिटिश क्रीडा-मोटारींत एस. यू. कार्ब्युरेटरांचा प्रसार झाला.

दुसरी परंपरा इटलीतील. एदोआर्दो व्हेबर यांनी १९२३ मध्ये बोलोन्या येथे आपला कारखाना काढला. त्यांच्या कार्ब्युरेटरमधील चिंचोळा भाग स्थिर मापाचा असतो. मात्र तो काढून दुसऱ्या मापाचा बसविता येतो. मुख्य जेट, मंदगती जेट, हवा-शोधक जेट, पेट्रोलमध्ये हवेचे बुडबुडे मिसळणारी पायस नळी आणि वेग एकदम वाढविताना जादा पेट्रोल देणारा लहान पंप हे सर्व भागही बदलण्याजोगे असतात. एकाच सांगाड्यात दोन गळे असलेला कार्ब्युरेटर त्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी विकसित केला. आडव्या मांडणीचा ‘डी. सी. ओ. ई.’ हा त्याचा पुढील प्रकार विशेष नावाजला. १९४५ मध्ये व्हेबर बेपत्ता झाले आणि १९५२ मध्ये कारखाना फियाट कंपनीच्या नियंत्रणाखाली गेला. एस. यू. कार्ब्युरेटर थोड्या भागांत पुष्कळ काम साधतो व साध्या हत्यारांनी जुळविता येतो. व्हेबर कार्ब्युरेटर अधिक शक्ती देऊ शकतो, पण अनेक जेटांचा साठा व ते निवडण्याचे ज्ञान जवळ असावे लागते.

क्रीडा-मोटारींतील प्रसार : १९२७ मध्ये आलेल्या बेंटली ४½ लिटर गाडीस दोन एस. यू. कार्ब्युरेटर होते. या गाडीने १९२८ ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर एम. जी. कंपनीच्या ‘टी. सी.’ (१९४५–४९) या लहान दोन आसनी गाडीने ही योजना सामान्य उत्पन्नाच्या हौशी चालकांपर्यंत पोहोचविली. तिच्या १,२५० घ. सेंमी. एंजिनातून सु. ५४ अश्वशक्ती मिळे. जॅग्वार एक्सके १२० (१९४८) या गाडीत ३,४४२ घ. सेंमी. एंजिनाला दोन एस. यू. कार्ब्युरेटर जोडून १६० अश्वशक्ती मिळविण्यात आली. त्याच घराण्यातील ई-टाइप (१९६१) या गाडीत तीन कार्ब्युरेटर होते व कंपनीने तिची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली होती. ल माँ येथे १९५५, १९५६ व १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकणाऱ्या जॅग्वार डी-टाइपमध्ये मात्र तीन दुगळी व्हेबर कार्ब्युरेटर वापरले होते. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट (१९५३) ही गाडी सहा सिलिंडरांच्या एंजिनावर तीन कार्टर कार्ब्युरेटर घेऊन बाजारात आली. या विकासाची परिसीमा फेरारी २५० जीटीओ (१९६२) मध्ये दिसते. तिच्या बारा सिलिंडरांवर सहा दुगळी व्हेबर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक स्वतंत्र गळा, अशी योजना होती.

एकाच एंजिनाचा श्वास मोकळा केल्याने किती फरक पडतो, हे भारतीयांच्या परिचयाच्या एंजिनावरूनही सांगता येईल. फियाट ११०० च्या १९५३ मधील साध्या नमुन्याचे १,०८९ घ. सेंमी. एंजिन ३६ अश्वशक्ती देत असे. ‘तुरिझ्मो व्हेलोचे’ या वेगवान नमुन्यात याच मापाच्या एंजिनाला दुगळी व्हेबर कार्ब्युरेटर बसवून आणि अन्य फेरफार करून सु. ५० अश्वशक्ती मिळविण्यात आली.

बसवणी : जोड कार्ब्युरेटर बसविताना पहिली दक्षता हवेची गळती टाळण्याची असते. एंजिन व कार्ब्युरेटर यांमधील नळी (मॅनिफोल्ड) आणि तिच्या तोंडावरील पट्ट्या सपाट असाव्या लागतात. फटीतून शिरलेली हवा त्या बाजूच्या सिलिंडरांचे मिश्रण क्षीण करते आणि मग कोणतीही जुळणी टिकत नाही. हवेचे प्रमाण ठरविणाऱ्या झडपेचा (थ्रॉटलचा) दांडा झिजून सैल झालेला असल्यास त्याच्या कडेनेही हवा आत येते. जुन्या गाड्यांत हा दोष सर्वांत जास्त आढळतो. दोन्ही नळ्या एका लहान आडव्या नळीने जोडतात, त्यामुळे दोन्हीकडील दाब काही अंशी सारखा होतो.

व्हेबर कार्ब्युरेटर एंजिनाला घट्ट आवळून बसवीत नाहीत. मध्ये रबराचे कडे व स्प्रिंगच्या चकत्या घालून ते किंचित लवचिक ठेवतात. अन्यथा एंजिनाच्या कंपनांनी फ्लोटच्या कोठीतील पेट्रोलला फेस येतो आणि पातळी बिघडते. या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाबही बेताचाच, सु. ०·२ किग्रॅ./चौ. सेंमी. इतका, लागतो. तो वाढल्यास कोठी भरून वाहते. अनेक ब्रिटिश एंजिनांत कार्ब्युरेटर व तप्त निष्कास नळी एकाच बाजूस असतात. म्हणून दोहोंमध्ये उष्णतारोधक पत्रा बसवावा लागतो. उन्हाळ्यात ४० से. च्या वर तापमान जाणाऱ्या सोलापूर-धाराशिवसारख्या प्रदेशात हा पत्रा नसेल, तर पेट्रोलची वाफ होऊन एंजिन बंद पडण्याचा संभव असतो.

जुळणी : कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी झडपांमधील अंतर, ठिणगीची वेळ, प्रज्वलन गुडद्या (प्लग) आणि प्रत्येक सिलिंडरचे संपीडन तपासून घेतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ठिणगीचा दोष बाहेरून कार्ब्युरेटरच्या दोषासारखाच दिसतो. एंजिन पूर्ण तापल्यावरच जुळणीस सुरुवात करतात.

एस. यू. कार्ब्युरेटरच्या जोडीत प्रथम प्रत्येकाचा दट्ट्या बोटाने उचलून सोडतात. तो अडथळ्याशिवाय खाली येऊन स्पष्ट आवाज करून टेकला पाहिजे. तो अडत असल्यास जेट सुईच्या मध्याशी नाही, असे समजतात. सुईचा खांदा दट्ट्याच्या खालच्या पृष्ठभागाशी समतल ठेवतात, दोन्ही जेट सारख्या उंचीवर आणतात आणि दट्ट्याच्या वरील नळीत हलके तेल भरतात. त्यानंतर दोन्ही थ्रॉटल एकत्र फिरविणारा दुवा सैल करून प्रत्येक कार्ब्युरेटर स्वतंत्र करतात. आता मंदगतीचा स्क्रू दोन्हीकडे असा फिरवितात, की दोहोंतून सारखीच हवा जाईल. हे ओळखण्याची जुनी रीत अगदी साधी आहे : रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सूत्कार ऐकतात. दोन्ही तोंडांशी सूत्काराची पट्टी व जोर सारखा आला, की हवेची वाटणी जुळली. याच कामासाठी पुढे प्रवाहमापक व पाऱ्याचे दाबमापक वापरात आले. तथापि अनुभवी मिस्त्री या उपकरणांनी केलेली जुळणीही शेवटी कानाने पडताळून पाहतात.

हवा जुळल्यानंतर मिश्रणाकडे वळतात. एका कार्ब्युरेटरचा दट्ट्या खालच्या खुंटीने सु. ०·८ मिमी. उचलतात. एंजिनाची गती वाढून तशीच राहिली, तर मिश्रण समृद्ध. गती लगेच पडली, तर क्षीण. आणि गती क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली, तर योग्य, असे मानतात. त्यानुसार जेटखालील षटकोनी नट एका वेळी एकच पैलू फिरवितात. हीच क्रिया दुसऱ्या कार्ब्युरेटरवर करतात. एकाचे मिश्रण बदलले, की दुसऱ्यावर परिणाम होतो, म्हणून पुन्हा पहिल्याकडे यावे लागते. शेवटी मधला दुवा अशा रीतीने आवळतात, की चालकाने पाय दाबताच दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडावेत. दुवा थोडा जरी मागेपुढे राहिला, तरी मंद गतीला उत्तम चालणारे एंजिन वेग घेताना झटके देते. गाडी काही अंतर चालवून प्लगचा रंग पाहणे ही अंतिम कसोटी होय. तो तपकिरी असावा. काळी काजळी समृद्ध आणि पांढुरकी छटा क्षीण मिश्रण दर्शविते.

व्हेबर कार्ब्युरेटरमध्ये जुळणीपूर्वी भागांची निवड करावी लागते. सिलिंडरचे आकारमान व अपेक्षित कमाल गती यांवरून चिंचोळ्या नळीचा व्यास ठरवितात. मुख्य जेटचा अंक या व्यासाच्या सु. चौपट घेण्याचा ढोबळ नियम आहे. उदा., ३२ मिमी. व्यासाच्या नळीस १३० अंकाचा, म्हणजे १·३० मिमी. छिद्राचा, जेट प्रथम घालून पाहतात. त्यापुढील बदल रस्त्यावरील चाचणीने ठरतात. मंद गतीला प्रत्येक गळ्याचे मिश्रण स्वतंत्र स्क्रूने साधतात. बारा गळ्यांच्या एंजिनात हे काम बारा वेळा आणि प्रत्येक वेळी इतर अकरांचे भान ठेवून करावे लागते.

स्थळ व ऋतूनुसारही जुळणी बदलते. मुंबईत समुद्रसपाटीवर जुळविलेले एंजिन महाबळेश्वरास (उंची सु. १,३७२ मी.) नेल्यास तेथील हवेची घनता सु. एक अष्टमांशाने कमी असल्यामुळे तेच मिश्रण समृद्ध ठरते. घाट चढताना शक्ती कमी होण्याचे एक कारण हेही असते.

महाराष्ट्रातील इतिहास : राज्यात मोटारगाडीचा प्रसार प्रथम मुंबईत व संस्थानिकांच्या राजधान्यांत झाला. तुषार-कार्ब्युरेटरचे एक जनक मायबाख यांचे नाव धारण करणारी एक गाडी कोल्हापूरच्या राजघराण्याकडे होती. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रारंभी अमेरिकन आणि १९५० नंतरच्या दशकात फियाट गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. फियाट ११०० चा शेवटचा अवतार १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखला गेला.

जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनंतर, भारतात उत्पादन न करता केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. पुढील तीन दशके रस्त्यांवर प्रामुख्याने ॲम्बॅसडर, फियाट व स्टँडर्ड या गाड्या होत्या आणि त्या सर्वांना एकच कार्ब्युरेटर असे. जोड कार्ब्युरेटरच्या गाड्या म्हणजे निर्बंधांपूर्वी आलेल्या किंवा विशेष परवान्याने आणलेल्या थोड्या ब्रिटिश व युरोपीय गाड्या. त्यांच्यासाठी मूळ सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. मुंबईच्या चोर बाजारातील जुन्या भागांची दुकाने आणि लेथवर सुई व जेट घडविणारे कारागीर यांच्यावर त्या गाड्यांचे आयुष्य अवलंबून राहिले. ज्या भागाचे माप एक दशांश मिलिमीटरने चुकले तरी एंजिन बिघडते, तो भाग नमुन्यावरून पुन्हा बनविणे ही साधी गोष्ट नव्हती. ही विद्या छापील पुस्तकांपेक्षा उस्तादाकडून शागिर्दाकडे गॅरेजमध्येच अधिक गेली.

शर्यतींनी या विद्येला दुसरे क्षेत्र दिले. मद्रासजवळील शोलावरम येथे महायुद्धकालीन धावपट्टीवर १९५० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या शर्यतींत देशभरातील स्पर्धक भाग घेत. शर्यतीसाठी फेरफार केलेल्या फियाट गाड्यांना मूळ कार्ब्युरेटर काढून जोड किंवा दुगळे कार्ब्युरेटर बसविणे हा त्या तयारीचाच भाग असे. सर्वसामान्य माणसाच्या हाती जोड कार्ब्युरेटर आला तो मात्र मोटारसायकलवर. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या राजदूत ३५० या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलला दोन मिकुनी कार्ब्युरेटर होते. त्यांच्या तारा समान ताणाने ओढल्या जातात की नाही, हे पाहण्याची कला अनेक तरुण मिस्त्री या गाडीवर शिकले.

ऱ्हास : जोड कार्ब्युरेटरची पीछेहाट दोन कारणांनी झाली : इंधन अंतःक्षेपण आणि धूरविषयक कायदे. मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल (१९५४) या गाडीने कार्ब्युरेटरऐवजी सिलिंडरात थेट इंधन सोडून मोठी शक्ती मिळते, हे दाखवून दिले. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण पद्धती १९६७ मध्ये विक्रीच्या गाड्यांत आली. अमेरिकेतील कायद्यांमुळे निष्कास वायूंवर मर्यादा आल्या. हाताने जुळविलेले व काही महिन्यांत बिघडणारे प्रमाण त्या मर्यादांत बसेना. अमेरिकेत जाणाऱ्या जॅग्वार ई-टाइपचे तीन कार्ब्युरेटर १९६८ च्या सुमारास दोनांवर आले आणि एम. जी. बी. गाडीची जोडी १९७५ च्या सुमारास एका झेनिथ-स्ट्रॉम्बर्गवर आली.

भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक बंधनकारक झाला. २००० नंतर नव्या मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर झपाट्याने नाहीसा झाला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे दुचाकींतही त्याची जागा अंतःक्षेपणाने घेतली. मुंबईत २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. पद्मिनीचा कार्ब्युरेटर एकटाच होता. पण अशा साध्या गाड्यांवर रोजची उपजीविका चालविणाऱ्या मिस्त्र्यांमधूनच अवघड जोड-जुळणी करणारे थोडे जाणकार तयार होत. टॅक्सी गेल्यावर शिकण्याचे ते मोठे क्षेत्रही संपले.

इंधनबदल व जतन : जुन्या गाड्यांपुढील सध्याचा प्रश्न इंधनाचा आहे आणि त्याचा संबंध महाराष्ट्रातील ऊस उत्पादनाशी येतो. पेट्रोलमध्ये अल्कोहॉल मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. त्यासाठी १९४८ मध्ये पॉवर अल्कोहॉल अधिनियम करण्यात आला होता. आधुनिक कार्यक्रमाचे प्रारंभीचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे, होते. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण सु. २० टक्क्यांवर आले. मळी, उसाचा रस व धान्य यांपासून इथेनॉल मिळते. तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित असलेले धाराशिव जिल्ह्यातील ढोकी आणि तशीच इतर साखर कारखान्यांची गावे यांच्या अर्थकारणाला या मागणीमुळे नवे महत्त्व आले आहे. कुर्ल्याच्या मोटार कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांनी रावळगाव (नासिक जिल्हा) व वालचंदनगर (पुणे जिल्हा) येथे साखर उद्योगही उभारला होता. ऊस व मोटार हे दोन्ही उद्योग आता इंधनाच्या टाकीत एकत्र आले आहेत.

एक किग्रॅ. इथेनॉल जळण्यास फक्त सु. ९ किग्रॅ. हवा लागते. म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी योग्य प्रमाण १४·७ वरून सु. १३·५ वर येते. आधुनिक गाडीतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवितो. जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. पूर्वीच्याच जेटवर चालणारे एंजिन क्षीण मिश्रणावर चालू लागते, वेग घेताना अडखळते आणि अधिक तापते. त्यावर जाड छिद्राचा जेट किंवा अधिक निमुळती सुई हा उपाय असून जोड कार्ब्युरेटरमध्ये तो सर्व गळ्यांवर सारख्याच प्रमाणात करावा लागतो. जुन्या प्रकारचे रबरी पडदे व पट्ट्या इथेनॉलने फुगतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास पाणी मिसळलेला थर तळाशी साठून जस्ताच्या मिश्रधातूचे भाग गंजतात. म्हणून दीर्घकाळ उभ्या ठेवावयाच्या गाडीतील पेट्रोल काढून टाकणे आणि रबरी भाग इथेनॉलला दाद न देणाऱ्या प्रकारचे बसविणे हितावह असते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम लागू केले. त्यांना ‘व्ही. ए.’ अक्षरांची विशेष मालिका मिळते. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याच्या सांगाड्यात व एंजिनात मूलभूत फेरबदल झालेला नसावा आणि त्याचा उपयोग नित्य वाहतुकीसाठी करू नये, अशा अटी आहेत. यामुळे जोड कार्ब्युरेटर काढून अंतःक्षेपण बसविणे हा जतनाच्या दृष्टीने योग्य मार्ग राहत नाही. मूळ कार्ब्युरेटरच बदललेल्या इंधनाशी जुळवून घ्यावे लागतात. परदेशातून जेट, सुया व रबरी पट्ट्यांचे संच आता आणविता येतात. ते बसवून एंजिनाचा सूत्कार ओळखणारा मिस्त्री मात्र आणविता येत नाही. या क्षेत्रातील वृद्ध कारागिरांच्या हाताखाली नवे शिकाऊ तयार होणे, त्यांनी अनुभवाने ठरविलेली जेटांची मापे व जुळणीच्या रीती लिहून ठेवल्या जाणे आणि अभियांत्रिकी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विषयाला थोडे तरी स्थान मिळणे, यांवर या गाड्या रस्त्यावर धावतात की केवळ प्रदर्शनाच्या वस्तू होऊन राहतात, हे अवलंबून आहे.